यश, अर्थ आणि प्रतिभा

इ. स. १९५४ या एकाच सालात भारतीय चित्रपटांना पारितोषिके देण्याच्या दोन स्वतंत्र प्रथा सुरू झाल्या, आणि त्या दोहोंच्या पहिल्याच निवाड्यांत, पुढे सात दशके धुमसत राहिलेल्या एका वादाची सर्व कलमे जणू लिहून ठेवली गेली. मार्च महिन्यात मुंबईच्या ‘फिल्मफेअर’ नियतकालिकाने वाचकांच्या मतांवर आधारलेली आपली पारितोषिके वाटली, तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचा आणि उत्कृष्ट दिग्दर्शकाचा असे दोन्ही मान बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’कडे गेले, ऑक्टोबरात भारत सरकारने नेमलेल्या परीक्षकांनी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला दिले आणि ‘दो बिघा जमीन’ची बोळवण प्रशस्तिपत्रावर केली, आणि ज्या वर्षीच्या चित्रपटांविषयी हे दोन्ही निवाडे झाले, त्या १९५३ साली तिकीटबारीवर गर्दी लोटत होती ती ‘अनारकली’ला. एका वर्षाच्या निर्मितीवर तीन अधिकारपीठांनी तीन प्रकारचे फैसले दिले, आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. मग यांपैकी कोणत्या फैसल्यावरून दिग्दर्शकाच्या प्रतिभेची रुजुवात करावयाची?

या प्रश्नाचा जो ऊहापोह आजवर झाला, त्याचा हा आढावा आहे. आरंभीच एक भेद ध्यानात घेतला, तर पुढची वाट पुष्कळशी सुकर होईल. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने सांगताना यश आणि अर्थप्राप्ती यांचा उल्लेख निःसंकोचपणे केला आहे, काव्याचा हेतू, म्हणजे कारण, सांगताना मात्र त्याने शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी सर्वस्वी निराळी त्रयी पुढे ठेवली आहे. कीर्ती आणि पैसा ही त्याच्या लेखी फळे आहेत आणि प्रतिभा, जिला तो शक्ती म्हणतो, ती बीज आहे. फळावरून बीजाकडे अनुमानाने जाता येते, परंतु तेच फळ दुसऱ्या कोणत्या कारणाने लागले नाही ना, याची खातरजमा त्याआधी करावी लागते. पारितोषिके आणि गल्ला यांविषयीचा सारा वाद, त्यातली व्यक्तिगत असूया आणि पक्षाभिमान बाजूला सारले तर, या एका खातरजमेचा वाद आहे.

पूर्वपीठिका

पारितोषिकांची प्रथा पडण्यापूर्वी भारतीय दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाला तिकीटबारी हाच काय तो जाहीर मापदंड होता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि १९१७ च्या ‘लंकादहना’ने तर असा गल्ला जमविला की, नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून वाहून नेल्याची आख्यायिका अद्याप सांगितली जाते. याच दादासाहेबांनी आपला एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ साली कोल्हापुरात पुरा केला, आणि त्यानंतरची वर्षे नाशकात जवळजवळ विस्मृतीत काढून ते १९४४ साली निवर्तले. १९१७ सालचा गल्ला त्यांच्या प्रतिभेचा पुरावा मानला, तर पुढच्या उपेक्षेला प्रतिभा आटल्याचा पुरावा मानावे लागेल. आणि तसे म्हणायला आज कोणी धजत नाही, कारण १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च शासकीय सन्मान त्यांच्याच नावाने दिला जातो.

बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हे याच काळाचे दुसरे उदाहरण आहे. पौराणिक चमत्कारांना सोकावलेल्या प्रेक्षकाने १९२५ सालच्या या मूकपटाला फारसे उचलून धरले नाही. जाणत्यांनी मात्र भारतीय वास्तववादी चित्रपटाचा उगम त्यात पाहिला. मूळ चित्रपट आज उपलब्ध नसल्यामुळे त्या दोन मतांची शहानिशा करण्याची सोय राहिलेली नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

दोन्ही मापे एकत्र जुळल्याचा दाखला म्हणून ‘प्रभात’च्या ‘संत तुकारामा’चे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ चा हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष वाखाणणी झाली. ज्याला अभंग पाठ आहेत असा खेडुत आणि ज्याला मराठीचे अक्षर ठाऊक नाही असा युरोपीय परीक्षक, या दोघांनाही एकाच कृतीने जिंकावे, हा योग विरळा. परंतु ‘संत तुकारामा’च्या उदाहरणाने दोन्ही मापांची एकवाक्यता शक्य आहे एवढेच सिद्ध होते, ती आवश्यक आहे असे सिद्ध होत नाही, आणि वादाचा बराचसा भाग या दोन विधानांची गल्लत केल्यामुळे माजला आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनाने या मामल्यात हात घातला. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल सादर केला आणि चित्रपटांना भांडवल पुरविणारे महामंडळ, प्रशिक्षणसंस्था व संग्रहालय यांची तजवीज सुचविली. वित्त महामंडळ १९६० साली आले, त्याच साली ‘प्रभात’च्याच पुण्यातील आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उघडली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. केवळ बाजारावर सोपविले तर चांगला चित्रपट निपजेलच असे नाही, हे शासनाने या संस्थांच्या रूपाने मान्य केले होते. आणि बाजाराचे माप अपुरे मानले की, दुसरे माप उभे करणे ओघानेच येते.

तिकीटबारीचा पक्ष

या पक्षाची बाजू विद्वज्जनांच्या लेखनात क्वचितच नीट मांडली जाते, म्हणून ती येथे काहीशा विस्ताराने देतो. त्याचे म्हणणे असे की, कवितेला कागद पुरतो आणि चित्राला कापड, परंतु चित्रपटाला शेकडो माणसांचे श्रम आणि दुसऱ्याचे भांडवल लागते. तेव्हा अपरिचित लोकसमुदायाला अंधारात अडीच तास खिळवून ठेवण्याचे सामर्थ्य हे या कलेचे बाह्य भूषण नसून तिचे अंगभूत कौशल्य आहे. प्रेक्षक स्वतःच्या खिशातले पैसे मोजतो; परीक्षकाला पाहण्याचे मानधन मिळते. प्रेक्षकाच्या मताला मग हलके का लेखावे? शिवाय हे मत एका बैठकीत संपणारे नसते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात १३१ आठवडे चालला. एवढ्या मुदतीत नवलाई, जाहिरात आणि कुतूहल यांचा जोर ओसरून जातो आणि उरते ती एकाने दुसऱ्याला केलेली शिफारस.

या पक्षाचा हुकमी दाखला म्हणजे दादा कोंडके. सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाल्याची नोंद गिनीज बुकात असलेल्या या माणसाची समकालीन अभिजन समीक्षेने द्व्यर्थी संवादांपलीकडे फारशी दखल घेतली नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून आलेली हजरजबाबी लय, वगातल्या सोंगाड्याचे सत्ताधाऱ्याला कोपरखळ्या मारण्याचे स्वातंत्र्य आणि गिरणगावातल्या व तालुक्याच्या गावातल्या श्रोत्याचा नेमका अंदाज, या गुणांची नोंद पुढच्या पिढीने घेतली. येथे तिकीटबारीने परीक्षकांच्या आधी काही ओळखले होते, असे म्हणणे भाग आहे. मात्र, एक बारीक अडचण याच दाखल्यात दडलेली आहे, ती अशी की, या मालिकेचा आरंभ करणाऱ्या १९७१ च्या ‘सोंगाड्या’चे दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते आणि लेखन सबनीसांचे, कोंडके होते निर्माते आणि नायक. यश चित्रपटाला मिळाले, परंतु ते कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे?

प्रतिपक्षाचा आक्षेप असा की, गल्ल्याचा आकडा वाटतो तितका सरळ नसतो. आपल्याकडे वितरणाचा मुलूख अद्यापही इंग्रजी अमदानीतल्या प्रांतांप्रमाणे वाटलेला आहे: व्यापाराच्या दफ्तरात विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये मोडतो, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, आणि बॉम्बे सर्किट गुजरात-गोव्यापर्यंत पसरते. जाहीर होते ती रक्कम बहुधा एकूण विक्रीची असते. तीतून कर वजा जातो, मग थिएटरमालकाचा हिस्सा जातो, आणि जो वितरकाचा शेअर उरतो, तो त्याने मोजलेल्या किमतीहून अधिक की उणा यावर चित्रपट ‘चालला’ की ‘पडला’ हे व्यापारी ठरवितात. महागात विकलेला लोकप्रिय चित्रपट वितरकाला बुडवू शकतो. स्वस्तात बनलेला, मोजक्या पडद्यांवरचा चित्रपट सर्वांना तारून नेऊ शकतो. तिकिटाचे दर दर दशकाला चढत असल्यामुळे कोटींचे नवे विक्रम जुन्या रौप्यमहोत्सवांशी ताडून पाहता येत नाहीत. आणि ज्या गावात थिएटरच उरलेले नाही, तिथल्या माणसाचे मत या मोजणीत कधी येतच नाही. तिकीटबारी म्हणजे लोकमत, हे समीकरण म्हणूनच सावधपणे वापरावे लागते.

पारितोषिकांचा पक्ष

पारितोषिकांच्या समर्थकांची भूमिका अशी की, ज्या कृतीला बाजारात वाट नाही तिच्यासाठी जाणत्यांच्या मताची एक खिडकी उघडी राहावी. वित्त महामंडळाच्या कर्जातून मृणाल सेन यांनी अल्प खर्चात केलेला ‘भुवन शोम’ १९६९ चा सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय चित्रपट ठरला आणि त्यानंतर समांतर चित्रपटाची एक फळीच उभी राहिली. त्याआधी ‘पथेर पांचाली’ने राष्ट्रीय सुवर्णपदक आणि १९५६ साली कान महोत्सवातला मानवी दस्तऐवजाचा विशेष सन्मान मिळविला नसता, तर सत्यजित रायांना पुढची वाट इतकी मोकळी मिळाली असती का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मराठीतही ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाच्या खंडाने संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ सालच्या चित्रपटांतून सुवर्णकमळ मिळाले, तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला, तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी जमली; आणि मराठी चित्रपटाविषयी सुशिक्षित वर्गाला आलेली उदासीनता हटण्यास त्या घटनेने मोठा हातभार लावला, हे बहुतेक सर्व निरीक्षक मान्य करतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन सन्मान मिळाले, त्यामागोमाग सुवर्णकमळही, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’चे सार्वत्रिक प्रदर्शन तर सुवर्णकमळ जाहीर झाल्यावर झाले. अशा कृतींना पारितोषिकाचा टेकू मिळाला नसता तर त्यांची वार्ताही अनेकांच्या कानी पोहोचली नसती.

परंतु या युक्तिवादात पारितोषिकाचे समर्थन आधार म्हणून होते, पुरावा म्हणून नव्हे. आणि या दोन गोष्टी भिन्न आहेत. पुराव्याच्या दृष्टीने पाहू जाता अडचणी पुष्कळ दिसतात. पारितोषिक म्हणजे विशिष्ट वर्षी, विशिष्ट नियमांखाली, समोर आलेल्या प्रवेशिकांपुरते, मूठभर व्यक्तींनी साधलेले एकमत. ते एकमत किती सैल असू शकते याचा मासला कानच्या पहिल्याच महोत्सवाने १९४६ मध्ये दाखविला: चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला तिथले सर्वोच्च पारितोषिक मिळाले खरे, परंतु ते एकूण अकरा चित्रपटांत वाटलेले होते, आणि महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राष्ट्रांचे सौहार्द राखणे हा हेतू त्यात नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्या पारितोषिकाने ‘नीचा नगर’ला स्वदेशी प्रेक्षक मात्र मिळवून दिला नाही.

वाचकांच्या मतांवर किंवा व्यवसायाच्या पसंतीवर चालणाऱ्या पारितोषिकांची कथा याहून रंजक आहे. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘शोले’ला १९७५ सालच्या फिल्मफेअर पारितोषिकांत एकच मान मिळाला, तोही संकलक माधव शिंदे यांना, उत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन यांची पारितोषिके ‘दीवार’कडे गेली. (दोहोंचे लेखक सलीम-जावेदच होते, तेव्हा त्यांना तक्रारीस जागा नव्हती.) उलट राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’ने निर्मात्याला कर्जात लोटले आणि त्याच चित्रपटासाठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले. सहानुभूती, उशिरा केलेली भरपाई, मागल्या वर्षीच्या चुकीची दुरुस्ती, या सर्व भावना परीक्षकांच्या आणि मतदारांच्या मनात वावरत असतात, आणि त्या मानवी आहेत. फक्त त्यांचा प्रस्तुत कृतीशी संबंध नसतो.

परीक्षकमंडळांना आपल्या मापाच्या अपुरेपणाची जाणीव नव्हती असे मात्र नाही. राष्ट्रीय पारितोषिकांत निकोप करमणूक देणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठी स्वतंत्र वर्ग १९७५ पासून ठेवण्यात आला, तो याच जाणिवेतून. पण त्यायोगे वाद मिटण्याऐवजी, लोकप्रिय आणि उत्कृष्ट हे दोन भिन्न वर्ग आहेत, या समजुतीवर शासकीय शिक्का बसला.

काळाचा निवाडा

दोन्ही मापांविषयी साशंक असलेल्यांचा तिसरा पक्ष काळाकडे बोट दाखवितो. समकालीनांनी उपेक्षिलेल्या भवभूतीनेही आपली भिस्त पुढे केव्हातरी जन्मणाऱ्या समानधर्म्यावर ठेवली होती, आणि चित्रपटाच्या इतिहासात त्या भरवशाला आधार देणारी उदाहरणे खरोखर आहेत. ऑर्सन वेल्सच्या १९४१ च्या ‘सिटिझन केन’ने निर्मात्यांचे पैसे बुडविले, ऑस्करच्या नऊ नामांकनांतून त्याच्या पदरी पटकथेचे एकच पारितोषिक पडले, आणि ब्रिटिश नियतकालिक ‘साइट अँड साउंड’ दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून जी क्रमवारी मागविते, तीत १९६२ पासून २००२ पर्यंत तोच अव्वल राहिला. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ साली इतका सपाटून पडला की, त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटाला दिले नाही. आज तो चित्रपट आदराने अभ्यासला जातो.

ऋत्विक घटक यांचे उदाहरण याहून जिव्हारी लागणारे आहे. त्यांचा पहिला चित्रपट ‘नागरिक’ १९५२ मध्ये पुरा झाला आणि थिएटरात लागला तो १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात ‘मेघे ढाका तारा’ वगळता तिकीटबारीने त्यांना जवळपास वाऱ्यावरच सोडले. ‘नागरिक’ वेळीच लोकांसमोर आला असता तर भारतीय वास्तववादाच्या इतिहासाचे पहिले पान ‘पथेर पांचाली’ने उघडले असते की नाही, हा प्रश्न बंगाली समीक्षेत आजही विचारला जातो. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये मात्र त्यांनी साठीच्या दशकात अल्पकाळ शिकविले आणि मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांच्यासारखे विद्यार्थी घडविले. एखाद्या दिग्दर्शकाच्या प्रतिभेचा पुरावा त्याच्या शिष्यांच्या कृतींत शोधावा, अशी सूचना या उदाहरणावरून काहींनी केली आहे. ती आकर्षक आहे, पण शिक्षकाचे आणि कलावंताचे गुण एकच असतात असे ती गृहीत धरते.

काळाच्या निवाड्यावरही दोन आक्षेप आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचा पुरेसा विचार झालेला नाही. पहिला असा की, काळ म्हणून कोणी स्वतंत्र न्यायाधीश नसतो. असतात ती नवी माणसे. ‘साइट अँड साउंड’च्या २०१२ च्या पाहणीत ८४६ समीक्षक होते आणि ‘केन’ची जागा हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने घेतली, २०२२ मध्ये मतदारांची संख्या १६३९ झाली, त्यात स्त्रिया आणि बिगर-युरोपीय समीक्षक वाढले, आणि शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा चित्रपट पहिला आला. मंडळ बदलले, निवाडा बदलला. दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे. काळाला निवाडा करता यावा म्हणून चित्रपट उरावा लागतो. भारतातील मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, आणि ‘राजा हरिश्चंद्र’देखील त्रुटित रूपातच सापडतो, ‘सावकारी पाशा’ची गत वर आलीच आहे. जे चालले त्यांच्या प्रती अधिक निघाल्या, जे पडले त्यांच्या थोड्या. म्हणजे काळाच्या दप्तरातही बाजाराची छाया आधीच पडलेली असते.

अर्थशास्त्रज्ञांची भर

गेल्या काही दशकांत अर्थशास्त्राने आणि समाजशास्त्राने या वादात प्रवेश केला आहे, आणि त्यांचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना सारखेच अडचणीचे आहेत. आर्थर डी व्हॅनी आणि डेव्हिड वॉल्स यांनी १९९९ साली दोन हजारांवर अमेरिकी चित्रपटांच्या उत्पन्नाचा अभ्यास करून असे दाखविले की, नामांकित नटांची नावे किंवा मोठा खर्च यांवरून यशाचे भाकीत जवळपास करता येत नाही. मोजक्या चित्रपटांच्या पदरी अवाढव्य उत्पन्न पडते आणि बाकीचे तळाशी गर्दी करतात. बेल्जियन अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर गिन्सबर्ग यांनी एका सहकाऱ्यासह ब्रुसेल्सच्या राणी एलिझाबेथ पियानो स्पर्धेचे निकाल तपासले. तिथे वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही उशिरा वाजविणाऱ्यांना वरचे स्थान मिळण्याकडे कल आढळला. आणि वरचे स्थान मिळालेल्यांचे पुढचे आयुष्य अधिक यशस्वी ठरले. चिठ्ठीच्या योगायोगाने मिळालेले पारितोषिकदेखील पुढे यश निर्माण करते, असा याचा अर्थ होतो. आणि मग त्या यशाकडे पाहून परीक्षकांची पारख अचूक होती, असे लोक म्हणू लागतात.

तिसरा प्रयोग साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा, २००६ सालचा. चौदा हजारांहून अधिक लोकांना त्यांनी ४८ अनोळखी गाणी ऐकवून हवी ती उतरवून घेण्यास सांगितले; काहींना इतरांनी काय निवडले ते दिसत होते, काहींना दिसत नव्हते. इतरांची निवड दिसत असलेल्यांचे आठ स्वतंत्र गट केले होते, आणि प्रत्येक गटात निराळी गाणी शिरोभागी गेली. तथापि सर्वांत चांगली मानली गेलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत सुमार गाणी क्वचितच वर आली. चित्रपटाविषयी हा प्रयोग नाही, हे खरे. पण त्यावरून निघणारी सूचना मोलाची आहे: गुणवत्ता यशाच्या सीमा आखते, त्या सीमांच्या आत कोण कुठे बसेल हे ती ठरवीत नाही. एका यशावरून किंवा एका अपयशावरून काहीच सांगता न येणे आणि निरनिराळ्या परिस्थितींतल्या अनेक कृतींवरून पुष्कळ काही सांगता येणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्या यामुळेच.

श्रेय कोणाचे?

सर्व पक्षांनी गृहीत धरलेली एक गोष्ट म्हणजे चित्रपट दिग्दर्शकाचा असतो. ही कल्पना फ्रान्स्वा त्र्युफो व त्याच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या दशकात फ्रेंच समीक्षेत जोमाने मांडली, अँड्र्यू सॅरिसने ती अमेरिकेत नेली आणि चित्रपटसंस्थांच्या चळवळीतून ती आपल्याकडे स्थिरावली. परंतु ‘संत तुकारामा’ला दोन दिग्दर्शक आहेत, ‘कासवा’लाही दोन, ‘दो आँखें बारह हाथ’मधून ग. दि. माडगूळकरांचे कथानक काढून घेतले तर शांतारामबापूंच्या वाट्याला नेमके किती उरते, हे सांगणे सोपे नाही. पारितोषिके निदान खात्यांनुसार दिली जातात. गल्ल्याची विभागणी तशी करता येत नाही. या बाबतीत पारितोषिकांची पद्धत अधिक सूक्ष्म आहे, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवे.

काय अनिर्णित आहे

नैयायिकांनी अनुमानाची चर्चा करताना फुगलेल्या नदीचे उदाहरण घेतले आहे: पूर पाहून वरच्या बाजूस पाऊस पडला असे आपण म्हणतो. त्यावर आक्षेपक म्हणतो की, बांध घातल्यानेही नदी फुगते. भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर असे की, नुसते पाणी वाढल्याचे पाहून थांबू नये. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येतात. प्रस्तुत वादात गल्ला आणि पारितोषिक यांच्याकडे बहुधा नुसते पाणी वाढलेले म्हणूनच पाहिले गेले आहे. पाण्यात काय वाहत येते ते तपासायचे, तर चित्रपटाच्या अंतरंगाकडे, म्हणजे समीक्षेकडेच वळावे लागते. आणि समीक्षेला मराठी नियतकालिकांत उरलेली जागा दिवसेंदिवस आक्रसत आहे.

नागराज मंजुळे यांची कारकीर्द या कसोटीसाठी बहुधा सर्वांत सोयीची आहे, कारण तीत सर्व प्रकारची फळे एकवटली आहेत. ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला आणि ‘फँड्री’ला पदार्पणाची राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, २०१६ च्या ‘सैराट’ने बर्लिनच्या महोत्सवात हजेरी लावून पुढे शंभर कोटींची मजल मारणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून नाव कमावले, अमिताभ बच्चन यांना घेऊन केलेल्या हिंदी ‘झुंड’ला मात्र २०२२ मध्ये तिकीटबारीवर तसा प्रतिसाद लाभला नाही. ‘सैराट’च्या यशातून अजय-अतुल यांच्या संगीताचा वाटा वजा केला, योग्य वेळ वजा केली, तरीही गावगाड्यातली जातीची उतरंड मुलामुलींच्या नजरेतून दाखविण्याची जी दृष्टी ‘फँड्री’त होती, तीच त्यात शेष राहते, ‘झुंड’मध्येही ती आहे. आकडे तिन्ही वेळा निराळे आले, दृष्टी बदलली नाही.

ज्यांचे आकडेच नाहीत त्यांचे काय, हा नवा प्रश्न आहे. ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि दुसऱ्या वर्षी तो प्रेक्षकांपुढे आला तो मुख्यतः नेटफ्लिक्सवरून. तिथे तिकीट नाही, आठवडे नाहीत, आणि किती जणांनी कितपत पाहिले याचा हिशेब कंपनी देईल तेवढाच बाहेर येतो. तिकीटबारीचे माप सदोष होते, परंतु ते निदान रस्त्यावरून दिसत असे. दुसरीकडे केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’साठी २०२३ मध्ये स्त्रियांचे जथेच्या जथे थिएटरांवर लोटले, तेव्हा इतकी वर्षे हा प्रेक्षकवर्ग कोणाच्याच हिशेबात कसा नव्हता, याचे आश्चर्य व्यापाऱ्यांनाही वाटले.

या सर्व वादाला सरकारी तिजोरीपाशी व्यावहारिक धार येते. महाराष्ट्र शासनाने सत्तरीच्या दशकात करमणूक कर परत करण्याची योजना आणली, तेव्हा निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी मिळणारी रक्कम त्याच्या आधीच्या चित्रपटाच्या गल्ल्यावर अवलंबून होती. पुढे तिची जागा समितीने दर्जा ठरवून अनुदान देण्याच्या पद्धतीने घेतली. पहिल्या योजनेत तिकीटबारीचे माप होते, दुसरीत परीक्षकांचे, आणि दोहोंविषयी तक्रारी सारख्याच तीव्र आहेत. दोन्हींत एक अट समान राहिली, ती अशी की, अर्जदाराकडे आधी पुरा झालेला चित्रपट हवा. नुसत्या संहितेवर विश्वास टाकून पैसे देण्याचा जो शिरस्ता वित्त महामंडळाने ‘भुवन शोम’च्या वेळी पाळला होता, त्याला राज्याच्या पातळीवर कोणते रूप द्यावे, आणि ज्याच्यापाशी ना पारितोषिक आहे ना गल्ला, अशा नवख्याच्या संहितेतली शक्ती कोणी व कशी ओळखावी, याविषयी दोन्ही पक्षांकडून अद्याप कोणतीही ठोस योजना पुढे आलेली नाही.